ऑटन खटला : कायद्यात नसलेला हक्क

१/ स्वमग्न, म्हणजेच ऑटिस्टिक, मुलांना सेवा पुरवणे ही सरकारची मर्जी की कायदेशीर कर्तव्य? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००४ मध्ये हाच प्रश्न होता. पालक हरले. ते का हरले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावे.

२/ खटला ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला. चार कुटुंबांना मुलांसाठी लोवास पद्धतीची वर्तनचिकित्सा हवी होती. आठवड्याला २० ते ४० तास, एका मुलामागे एक प्रशिक्षक, आणि खर्च वर्षाला ४५ ते ६० हजार डॉलर. प्रांत सरकार तो देत नव्हते.

३/ पालकांचा आधार होता राज्यघटनेतील समानतेचे कलम १५. प्रांतातील न्यायालयाने २००० मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. २००२ मध्ये अपिलातही तो टिकला.

४/ त्याआधीचा एक निकालही आशादायी होता. १९९७ च्या एल्ड्रिज खटल्यात, कर्णबधिर रुग्णांना रुग्णालयात सांकेतिक भाषेचे दुभाषे मिळालेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते.

५/ तरीही १९ नोव्हेंबर २००४ रोजी त्याच न्यायालयाने एकमताने ऑटन कुटुंबांविरुद्ध निर्णय दिला. हा फरक कशामुळे?

६/ एल्ड्रिजमध्ये रुग्णालयाची सेवा कायद्याने आधीच दिलेली होती. अडथळा फक्त भाषेचा होता. ऑटनमध्ये मागितलेली सेवाच कायद्यात नव्हती. १९८४ चा कॅनडा आरोग्य कायदा मुख्यतः डॉक्टर आणि रुग्णालयांच्या आवश्यक सेवांची हमी देतो. वर्तनचिकित्सक त्या चौकटीबाहेर राहिले. कायद्याने जे दिले त्याचे समान वाटप न्यायालय पाहते. काय द्यायचे हे विधिमंडळ ठरवते.

७/ या कथेला दुसरी बाजूही आहे. मिशेल डॉसन या स्वतः स्वमग्न असलेल्या संशोधिकेने याच खटल्यात हस्तक्षेप करून पालकांच्या मागणीला विरोध केला. आमच्याविषयीचा निर्णय आम्हाला वगळून का घेता, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. ‘स्वमग्नांचे हित’ म्हणजे नेमके काय, यावरच न्यायालयात मतभेद होता.

८/ २०२३ मध्ये कॅनडाच्या संसदेने स्वमग्नतेविषयी राष्ट्रीय आराखडा तयार करण्याचा कायदा केला. आराखडा बनवण्याचे बंधन आले. पण एखाद्या मुलाला सेवा नाकारली गेली, तर ती मागण्याचा वैयक्तिक हक्क त्यातून मिळत नाही.

९/ म्हणून माझे मत : हमी कायद्यातच हवी. ती नसेल तर दर अंदाजपत्रकाबरोबर मुलाचे भविष्य पणाला लागते. मात्र कायद्याने एकाच उपचारपद्धतीवर शिक्का मारू नये. गरजेनुसार मदत मिळण्याचा हक्क त्याने द्यावा आणि ती गरज ठरवताना स्वमग्न व्यक्तींचे म्हणणे ऐकणे बंधनकारक करावे. पहिला धडा पालकांच्या पराभवाने दिला, दुसरा डॉसन यांच्या विरोधाने.