निष्ठेचे मोल : विल्यम मार्शल, ओलीस पुत्र आणि प्लँटॅजेनेट दरबार

प्रस्तावना

एपिक फँटसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आधुनिक कादंबरीप्रकारात एक प्रसंग वारंवार भेटतो. राजदरबारात एखादा प्रामाणिक नाइट उभा आहे. त्याने धन्याला दिलेले वचन आणि त्याच्या घरच्या माणसांचे प्राण यांत निवड करण्याची वेळ त्याच्यावर आली आहे. जॉर्ज मार्टिन यांच्या १९९६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ग्रंथमालेत तर शत्रूच्या घरातून आणून वाढविलेला ओलीस मुलगा हे कथानकाचे एक प्रमुख सूत्रच आहे. वाचकाला हे कल्पनाशक्तीचे काम वाटते. प्रत्यक्षात बाराव्या-तेराव्या शतकातील इंग्लंडच्या राज्यकारभाराचा तो नित्याचा भाग होता, आणि त्याचे सर्वांत तपशीलवार चित्र ज्याच्या चरित्रात सापडते तो विल्यम मार्शल हा ऐतिहासिक पुरुष होय.

मार्शलचा जन्म ११४७ च्या सुमारास झाला आणि मृत्यू १४ मे १२१९ रोजी. एका मध्यम प्रतीच्या उमरावाचा हा धाकटा मुलगा. वडिलार्जित जहागिरीत त्याला काही मिळण्याजोगे नव्हते. तरीही पाच अभिषिक्त राजांच्या सान्निध्यात वावरून तो अखेरीस इंग्लंडचा राजप्रतिनिधी झाला. या उत्कर्षाचे श्रेय सामान्यतः त्याच्या शौर्याला आणि स्वामिनिष्ठेला दिले जाते. ते चूक नाही. मात्र या निष्ठेची किंमत नेमकी कोणी चुकविली, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

साधनाविषयी

मार्शलची माहिती मुख्यतः एका दीर्घ पद्यचरित्रातून मिळते. १९,००० हून अधिक ओळींचे हे फ्रेंच काव्य जॉन नावाच्या एका कवीने १२२० च्या दशकात रचले. त्याची एकच हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. फ्रेंच विद्वान पॉल मेयर यांच्या दृष्टीस ती १८६१ मध्ये एका लिलावात ओझरती पडली. पुढे ती नाहीशी झाली आणि तब्बल २० वर्षांनी, १८८१ मध्ये, सर थॉमस फिलिप्स यांच्या संग्रहात मेयर यांना पुन्हा सापडली. १८९१ ते १९०१ या काळात त्यांनी ती तीन खंडांत संपादित केली. सिडनी पेंटर, जॉर्ज द्यूबी, डेव्हिड क्राउच, थॉमस ॲसब्रिज या सर्वांच्या लेखनाचा पाया हेच काव्य आहे.

येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. हे काव्य मार्शलचा ज्येष्ठ पुत्र धाकटा विल्यम याने करवून घेतले, आणि कवीला माहिती पुरविणाऱ्यांत मार्शलचा विश्वासू अनुचर जॉन ऑफ अर्ली हा प्रमुख होता. हे दोघेही राजा जॉनच्या हाती ओलीस म्हणून दिले गेले होते. म्हणजे स्वामिनिष्ठेची ही गाथा, त्या निष्ठेसाठी जे तारण पडले त्यांच्याच आठवणींतून आणि पैशातून उभी राहिली. काव्याची स्तुतिपर भाषा मान्य करूनही हे विसरता येत नाही.

न्यूबरीचा ओलीस

ओलिसाच्या व्यवहाराशी मार्शलची ओळख पाच वर्षांच्या वयातच झाली. राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मटिल्डा यांच्यातील यादवी युद्धात विल्यमचा पिता जॉन मार्शल हा मटिल्डाच्या बाजूचा होता. ११५२ मध्ये स्टीफनने न्यूबरीच्या किल्ल्याला वेढा घातला. जॉनने तह करण्यासाठी मुदत मागून घेतली, तारण म्हणून विल्यमला राजाच्या स्वाधीन केले आणि त्या मुदतीत किल्ल्यात शिबंदी व दाणागोटा भरून घेतला. मुलाला फासावर चढविण्याची धमकी आली तेव्हा, याहून चांगले पुत्र घडविणारे हातोडा व ऐरण आपल्यापाशी शाबूत आहेत, अशा आशयाचे उत्तर त्याने पाठविल्याचे काव्य सांगते. मुलाला दगडफेकीच्या यंत्रात घालून किल्ल्यावर भिरकावण्याचाही बेत झाला. स्टीफनच्या हातून मात्र ते झाले नाही. राजाच्या तंबूत तो आणि हा मुलगा गवती देठांचे नाइट करून खेळत बसले, असे वर्णन आहे.

या उत्तराचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगणे इष्ट ठरेल. स्टीफनचा स्वभाव मऊ आहे हे ओळखूनच जॉनने हा डाव टाकला असणे शक्य आहे. तसे असले तरी मुलाच्या बाजूने पाहता त्यात फारसा फरक पडत नाही. पित्याचे हे वचन नातवाने लिहून घेतलेल्या काव्यात, कोणतीही सारवासारव न करता, आलेले आहे. घराण्याची ही आठवण लपविण्यासारखी कोणालाच वाटली नव्हती, हे त्यावरून दिसते. किंवा ती लपवू नये असे कोणाला तरी वाटले होते.

उत्कर्ष आणि आप्तवियोग

तारुण्यात मार्शलने आपला मामा सॅलिसबरीचा अर्ल पॅट्रिक याचा आश्रय घेतला. ११६८ मध्ये प्वातू प्रांतात लुझिन्याँ घराण्याच्या लोकांनी केलेल्या हल्ल्यात, चिलखत नसलेल्या पॅट्रिकला पाठीमागून वार करून मारण्यात आले. सूड घेण्यासाठी धावलेला विल्यम मांडीला जखम होऊन पकडला गेला. त्याची खंडणी राणी एलेनॉर हिने भरली, आणि येथूनच त्याला राजघराण्याचे दार उघडले. मामाच्या मृत्यूने भाच्याचे नशीब उघडावे, असा हा योग होता.

पुढची २० वर्षे थोडक्यात सांगता येतील. ११७० पासून तो युवराज हेन्रीच्या पदरी राहिला. फ्रान्समधील टूर्नामेंटांत त्याने कीर्ती आणि धन दोन्ही मिळविले. ११८३ मध्ये युवराज मरण पावल्यावर त्याचा नवस फेडण्यासाठी तो जेरुसलेमला गेला. परतल्यावर दुसऱ्या हेन्रीच्या अखेरच्या पराभवापर्यंत त्याच्या बाजूला राहिला. ११८९ मध्ये नवा राजा रिचर्ड याने लेन्स्टर, स्ट्रिगुल इत्यादी विस्तीर्ण प्रदेशांची वारस इझाबेल द क्लेअर हिच्याशी त्याचा विवाह लावून दिला. चाळिशी ओलांडलेला हा नाइट एका दिवसात राज्यातील मोठ्या जमीनदारांपैकी एक बनला.

११९४ चा प्रसंग मात्र रेंगाळून पाहण्यासारखा आहे. रिचर्ड जर्मनीत कैदेत असताना त्याचा भाऊ जॉन याने बंड केले आणि मार्शलचा थोरला भाऊ जॉन मार्शल त्या बंडात सामील झाला. मार्च ११९४ मध्ये विल्यमला दोन वार्ता जवळजवळ एकाच वेळी मिळाल्या : भावाचा मृत्यू झाला, आणि राजा इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. त्याने भावाचे पार्थिव घराण्याच्या ब्रॅडनस्टोक येथील मठात नेण्याची व्यवस्था केली, प्रार्थनेला हजर राहिला. परंतु दफनापर्यंत न थांबता राजाकडे निघून गेला. बंडखोराचा भाऊ म्हणून त्याच्यावर संशय येणे अगदी सहज होते. शोकासाठी सवड घेणे त्याला परवडणारे नव्हते. भावाच्या मृत्यूमुळे दरबारातील मार्शलपद आणि वडिलार्जित मालमत्ता त्याच्याकडेच आली, हेही येथे नोंदविले पाहिजे.

राजा जॉन आणि दोन पुत्र

११९९ मध्ये गादीवर आलेल्या जॉनने मार्शलला पेम्ब्रोकचे अर्लपद दिले. १२०४ मध्ये नॉर्मंडी फ्रान्सच्या फिलिपने जिंकली आणि मार्शलपुढे पेच उभा राहिला. तेथील आपली जहागीर राखण्यासाठी त्याने १२०५ मध्ये फिलिपला निष्ठेची शपथ वाहिली. जॉनची आधी संमती होती असे त्याचे म्हणणे. जॉनने ते नाकारले. मार्शल राजासोबत प्वातूच्या स्वारीवर जाण्यास तयार होईना, तेव्हा राजाने त्याचा न्याय करण्यास उमरावांना सांगितले. कोणीही पुढे झाला नाही. मग जॉनने ज्येष्ठ पुत्र विल्यम याला ओलीस म्हणून मागितले. तो त्या वेळी साधारण १५ वर्षांचा असावा. मार्शलने त्याला दिले.

१२०७ मध्ये मार्शल आयर्लंडला जाण्यास निघाला, तेव्हा राजाने दुसऱ्या पुत्राची, रिचर्डची, मागणी केली. काउंटेस इझाबेल हिला हे मान्य नव्हते. राजाच्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता. मार्शलने पत्नीचे ऐकले नाही. ज्या लेन्स्टरच्या रक्षणासाठी तो चालला होता ते मुळात इझाबेलचे माहेरचे वतन होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या विरोधाचे वजन वाढते. काव्यात तिच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत.

मार्शलच्या निर्णयाचे मूल्यमापन करण्यासाठी दुसऱ्या एका घराण्याकडे पाहावे लागते. विल्यम द ब्रोझ हा एके काळी जॉनचा विशेष मर्जीतला उमराव. १२०८ मध्ये राजाने त्याच्याकडे पुत्र ओलीस मागितले. त्याची पत्नी मटिल्डा हिने, आपल्या पुतण्याचा, आर्थरचा, घात करणाऱ्या राजाला आपण मुले देणार नाही, असे राजाच्या माणसांना तोंडावर सुनावल्याचे इतिवृत्तकार सांगतात. त्यानंतर हे कुटुंब आयर्लंडला पळाले. तेथे मार्शलने त्यांना काही दिवस आश्रयही दिला. १२१० मध्ये मटिल्डा आणि तिचा पुत्र विल्यम राजाच्या हाती लागले आणि कैदेत उपासमारीने मेले. पती परमुलखात फ्रान्समध्ये वारला.

इझाबेल आणि मटिल्डा या दोन मातांनी राजाविषयी एकच अनुमान केले होते. मटिल्डाने ते उच्चारले आणि त्यावर वागली. तिचे घर उद्ध्वस्त झाले. इझाबेलचे अनुमान डावलले गेले आणि तिची मुले जगली. मार्शलचा हिशेब बरोबर ठरला असे यावरून म्हणता येईल. परंतु तो हिशेब होता, निव्वळ भाबडी राजभक्ती नव्हती. मुले देऊन त्याने राजाच्या हातातील आरोपच काढून घेतला. ब्रोझांना आश्रय दिल्याबद्दल १२१० मध्ये त्याला आणखी ओलीस द्यावे लागले. त्यांत जॉन ऑफ अर्ली होता, आणि जेफ्री फिट्झ रॉबर्ट हा दुसरा अनुचर तर कैदेतच मेला. स्वामीच्या राजनीतीचे मोल सेवकांनीही चुकविले.

१२१२ मध्ये वेल्समध्ये बंडाळी झाली तेव्हा जॉनने नॉटिंगहॅम येथे २८ वेल्श ओलीस मुलांना फाशी दिल्याची नोंद आहे. मार्शलची मुले त्याच राजाच्या ताब्यात होती. त्याच वर्षी राजाला मार्शलची गरज भासली, संबंध सुधारले आणि मुले सुटली. मुलाला घोडा व कपडे हवे आहेत, असा जॉनच्या त्या वर्षातील एका पत्रात उल्लेख येतो. राजनीतीच्या मोठ्या उलाढालीत एवढा एक घरगुती तपशील शिल्लक राहिला आहे.

पुत्राचे बंड

सात वर्षे तारण पडलेल्या ज्येष्ठ पुत्राने पुढे काय केले, हे मोठे बोलके आहे. १२१५ मध्ये मॅग्ना कार्टाच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या २५ उमरावांत धाकटा विल्यम मार्शल होता. पिता राजाच्या बाजूला होता. १२१६ मध्ये फ्रान्सचा राजपुत्र लुई इंग्लंडमध्ये उतरला तेव्हाही हा मुलगा त्याच्याकडे गेला. दोन्ही पक्षांत एकेक पाय ठेवण्याची ही घराण्याची योजना होती, असा तर्क अनेक अभ्यासकांनी केला आहे. तो अशक्य नाही. परंतु १५ ते २२ ही वर्षे ज्याच्या कैदेत गेली त्या राजाविरुद्ध उठण्यासाठी या तरुणाला पित्याच्या योजनेची गरज होती, असे मानण्याचे कारण नाही. काव्य या काळावरून घाईने पुढे जाते आणि मॅग्ना कार्टाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. आश्रयदात्याची अडचण कवीला ठाऊक होती.

ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन मेला. नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीचा २८ ऑक्टोबरला ग्लॉस्टर येथे राज्याभिषेक झाला आणि सत्तरीच्या घरातील मार्शलने राज्याची सूत्रे स्वीकारली. १२ नोव्हेंबरला मॅग्ना कार्टा सुधारित रूपात राजाच्याच नावाने पुन्हा जाहीर करण्यात आली. ज्या सनदेसाठी पुत्र लढला ती पित्याने शासनाचे धोरण म्हणून पत्करली, आणि बंडखोरांच्या परतीची वाट मोकळी झाली. मार्च १२१७ मध्ये धाकटा विल्यम परत आला. २० मे रोजी लिंकनच्या लढाईत पितापुत्र एकाच बाजूने लढले. तेथे शत्रुपक्षाचा सेनानी पर्शचा काउंट थॉमस मारला गेला. तो मार्शलचा आप्त होता, आणि त्याचा मृत्यू पाहून विजयी वृद्धाला दुःख झाल्याचे काव्यात आले आहे.

वारसा

१२१९ मध्ये कॅव्हरशॅम येथे मृत्युशय्येवर मार्शलने मालमत्तेची वाटणी केली. सर्वांत धाकट्या अँसेलमसाठी त्याने प्रथम काहीच ठेवले नव्हते. आपल्याप्रमाणे त्यानेही स्वतःच्या मनगटावर वर यावे अशी त्याची इच्छा होती. जॉन ऑफ अर्लीने रदबदली केली तेव्हा त्याला १४० पौंड उत्पन्नाची जमीन मिळाली.

पाच पुत्रांपैकी एकाचाही वंश चालला नाही. विल्यम १२३१ मध्ये वारला. दुसरा ओलीस रिचर्ड, बापाने ज्याला गादीवर बसविले त्याच तिसऱ्या हेन्रीविरुद्ध उभा राहिला आणि १२३४ मध्ये आयर्लंडमध्ये जखमी होऊन मेला. गिल्बर्ट १२४१ मध्ये टूर्नामेंटमध्ये, म्हणजे पित्याने ज्यातून नाव कमावले त्याच खेळात, घोड्यावरून पडून दगावला. वॉल्टर आणि अँसेलम १२४५ च्या अखेरीस काही आठवड्यांच्या अंतराने गेले. मालमत्ता पाच मुलींच्या शाखांत विभागली गेली. मार्शलपद ज्येष्ठ कन्या मॉड हिच्याकडून बिगॉड घराण्यात गेले. दुसरी एक कन्या ईव्हा हिचा विवाह मटिल्डा द ब्रोझच्या नातवाशी झाला होता. त्यामुळे ज्या वतनासाठी इझाबेलचे मुलगे ओलीस गेले त्याचा एक पंचमांश हिस्सा, मुले द्यायला नकार देऊन कैदेत उपाशी मेलेल्या मटिल्डाच्या पणतींना मिळाला.