गोधडीतले गिरणगाव

मेळाव्याच्या सभागृहात टांगलेली गोधडी तुम्ही पाहालच. 1984च्या आपल्या दहावीच्या तुकडीची म्हणून ती मी शिवायला घेतली, पण तुमचे जुने गणवेश हातात आले आणि त्यांत आपल्यापेक्षा आपल्या आईवडिलांचाच इतिहास जास्त दिसू लागला. स्मरणिकेसाठी तोच थोडा लिहिते.

कोकणात गोधडी, घाटावर वाकळ. आपल्या चाळींत दोन्ही शब्द चालत, कारण दोन्हीकडची माणसे गिरण्यांसाठीच इथे आलेली. कावसजी दावरांनी 1854 साली ताडदेवला मुंबईतली पहिली गिरणी काढली, तिथून ही ये-जा सुरू झाली. घरात गिरणी कामगार असला तरी गोधडीला नवे कापड कोणी लावत नसे. जुने लुगडे पसरायचे, वर धोतराचे, परकराचे तुकडे मांडायचे आणि धावदोरा घालत जायचे. शिवणाच्या तासाला बाईंनी शिकवला तोच धावदोरा. (मुलगे तेव्हा मैदानावर असत, म्हणून आजही बटण लावता येत नाही!)

तुमचे कपडे मी इयत्तेप्रमाणे लावले. खालच्या ओळी पहिली ते सातवीच्या. सगळे सुती: गिरणीच्या दुकानातले कटपीस, नाहीतर कंट्रोलचे कापड. गडद निळा विटून आकाशी झालाय, सुई लोण्यात जावी तशी जाते. आठवीपासून टेरिकॉट सुरू होते. रंग जसाच्या तसा, पण कापड हातातून सटकते आणि सुती तुकड्याशेजारी नीट बसत नाही.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा आपण आठवीत होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कापडाचे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. त्याच वर्षी पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. संपामुळे टेरिकॉट आले असे मी म्हणणार नाही, ते आधीपासूनच येत होते. लवकर वाळते, इस्त्री लागत नाही, आयांना तेच हवे होते. पण सुती कापड ज्यांच्या हातून निघत होते त्यांच्याच मुलांच्या अंगावर ते उरले नाही, हे आठवीच्या ओळीत डोळ्यांना दिसते.

त्याच ओळीत चौकोनही कमी पडले. नववीच्या हजेरीत कितीतरी नावे नव्हती, आठवते ना? दाखले घेऊन मुले गावी गेली. त्यांतल्या एकाचा पत्ता यंदा लागला. त्याचा सदरा धाकट्या भावाने वापरला, मग त्याचे फरशी पुसायचे फडके झाले. त्याने वडिलांचा पाळीचा डबा बांधायचे फडके पाठवले आणि विचारले, “शाळेचे नाही, चालेल का?” आठवीच्या ओळीत, मधोमध लावले आहे. हळदीचा डाग आहे, तो मी धुतला नाही.