मिसरूड फुटेपर्यंत : घोड-भीमेच्या मुलखातील नाच्या पोऱ्या

शिरूर तालुक्याच्या दक्षिण भागात, घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या कमी पावसाच्या पट्ट्यात वसलेले निमोणे हे गाव तमाशाच्या जुन्या मुलखात मोडते. वायव्येला जुन्नर तालुक्यातले नारायणगाव, जिथे आजही गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात. शिरूर तालुक्यातच गंगाराम कवठेकर यांच्या फडामुळे आणि बशीर मोमीन कवठेकर यांच्या गीतांमुळे नावारूपाला आलेले कवठे येमाई. आणि दक्षिणेला दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर, संगीत बाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले चौफुला. अशा तीन ठिकाणांच्या मधला हा प्रदेश आहे. या मुलखातील तमाशाचा इतिहास आज प्रामुख्याने स्त्री कलावतींच्या नावांनी सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कलावती फडावर उभ्या राहण्यापूर्वीच्या मोठ्या कालखंडात लावणीची अदा, गौळणीतला लाडिकपणा आणि वगातली नायिका ज्याच्या देहातून प्रेक्षकांना दिसली, तो लुगडे नेसलेला कोवळा मुलगा, म्हणजे नाच्या पोऱ्या, या इतिहासातून जवळजवळ गळालेला आहे.

पेशवाईच्या उत्तरार्धात लावणीला जो बहर आला, त्याचे श्रेय कवींना दिले जाते. सोलापूरचे राम जोशी, संगमनेरचे अनंत फंदी, जेजुरीचे सगनभाऊ आणि पुण्याचे होनाजी बाळा यांच्या रचना पाठांतरातून व बाडांतून टिकल्या, त्यामुळे त्यांची नावेही टिकली. त्या रचना मात्र कागदासाठी झालेल्या नव्हत्या. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि मंजिरी यांच्या साथीने उघड्या मैदानावर किंवा वाड्याच्या चौकात त्या सादर होत, आणि त्यांतील विरहिणी, मानिनी किंवा नवोढा यांच्या तोंडचे भाव पुरुषांनी गायिलेल्या शब्दांतून आणि मुलाने केलेल्या हावभावांतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचत. सरदारांच्या खासगी बैठकीत कलावंतिणी गात व नाचत. लोकांसमोर उभा राहणारा फड मात्र मुख्यतः पुरुषांचाच होता. शाहिरी लावणीतील स्त्रीचे मन पुरुष कवीने रचले, पुरुष सुरत्याने, म्हणजे तुणतुणे घेऊन मागे उभे राहून गाणाऱ्या साथीदाराने, गायिले आणि मुलाने साकारले, ही वस्तुस्थिती लावणीतील स्त्रीप्रतिमेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या कलेचा राजाश्रय ज्या घटनाक्रमात संपला, तोही याच तालुक्याच्या भूमीशी निगडित आहे. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन स्टॉन्टनची इंग्रजी तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली, दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली आणि १८१८च्या मध्यापर्यंत पेशवा दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. बाजीराव लावणीचा शौकीन होता. त्याच्या पाठोपाठ पुण्यातील बिदाग्या आटल्या आणि फडांना गावांचा आश्रय शोधावा लागला. या स्थलांतराने तमाशाचा आश्रयदाता बदलला. चैत्र-वैशाखात सुगी उरकल्यावर येणाऱ्या ग्रामदैवतांच्या यात्रा हे त्याचे मुख्य हंगाम ठरले, वर्गणीतून दिली जाणारी सुपारी आणि प्रेक्षकांनी खूश होऊन फेकलेली दौलतजादा हे त्याचे उत्पन्न ठरले, आणि फड चालवण्याचा भार महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांवर येत गेला. १८७५ साली सावकारांविरुद्ध जो उठाव झाला, त्यात शिरूर आणि भीमथडी, म्हणजे आजच्या दौंडचा परिसर, हे तालुके होरपळले होते. कोरडवाहू शेती, कर्ज आणि दुष्काळ यांनी पिचलेल्या अशा मुलखात ज्या घरापाशी जमीनच नव्हती, त्या घरातल्या गोड गळ्याच्या पोराला फडात पाठवणे हा कुटुंबाच्या हिशेबात पोट भरण्याचा एक मार्ग असला पाहिजे.

नाच्या पोऱ्याची कारकीर्द फार लवकर सुरू होई आणि लवकरच संपे. साधारणतः फडातल्याच कुणा कलावंताचा, भाच्या-पुतण्याच्या नात्यातला, उजळ अंगाचा आणि तालाची समज असलेला मुलगा निवडला जाई. त्याचे शिक्षण पाठशाळेत होण्याजोगे नव्हते. रात्री फडात झीलकऱ्यांच्या, म्हणजे सुरत्याच्या मागून ओळ उचलून धरणाऱ्या गायकांच्या, ओळीत उभे राहायचे आणि दिवसा पुढच्या गावची वाट चालताना चुका ऐकून घ्यायच्या, असा तो क्रम होता. पायांत चाळ बांधून ढोलकीच्या ठेक्यावर पावले टाकताना चाळाचा प्रत्येक घुंगरू तालात वाजला पाहिजे आणि थांबायच्या क्षणी एकही वाजता कामा नये, ही पहिली कसोटी. तिच्यानंतर नजर, मान, मनगट आणि पदर यांची कामे येत.

वेषाचा विधीही कलेचाच भाग होता. मुलाचे केस लांब राखलेले नसतील तर गंगावन, म्हणजे खोट्या केसांचा जोड, लावून अंबाडा घातला जाई. चेहऱ्यावर पूर्वी मुर्दाडशिंगाचा लेप चढवीत. ते शिशाचे संयुग असल्याने त्वचेला अपायकारक होते; मशालींच्या पिवळ्या उजेडात मात्र त्याची झाक खुलून दिसे. त्यावर हिंगुळाचा लालिमा, डोळ्यांत काजळ, कपाळी चंद्रकोर, नाकात चापाची नथ. मग नऊवारी लुगड्याचा काष्टा असा आवळायचा की गिरकी घेताना तो सुटू नये, तरी पावलांची हालचाल पुढच्या रांगेतल्या माणसाला स्पष्ट दिसावी. लावणीच्या आरंभी पाठमोरे उभे राहून दोन्ही हातांनी पदर डोक्यावर धरण्याची जी पद्धत आजही दिसते, तिच्यात चेहरा उशिरा दाखवण्याची युक्ती आहे. प्रेक्षकांची उत्कंठा ताणून धरणे आणि मुलाच्या मुलगेपणाची जाणीव पहिल्या काही क्षणांत मिटवणे, ही दोन्ही कामे ती करीत असावी, असा तर्क करता येतो.

या कलेचा घात शरीरच करी. आवाज फुटला, मिसरूड उगवले, खांदे रुंदावले की नाच्या म्हणून मुलाचे दिवस संपत. त्यानंतर त्याच्यापुढे मोजकेच मार्ग उरत: सुरत्या किंवा झीलकरी होणे, ढोलकी धरणे, सोंगाड्या होऊन विनोदाचा भार उचलणे, किंवा फड सोडून मजुरीला लागणे. शाहिराचे नाव प्रत्येक लावणीच्या शेवटच्या ओळीत गुंफले जाई आणि पिढ्यान् पिढ्या उच्चारले जाई. ज्याने ती लावणी लोकांच्या डोळ्यांत भरवली त्याचे नाव मात्र कुठेही गुंफले गेले नाही. हा अन्याय कुणी ठरवून केलेला नव्हता, पण अन्यायच होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाच्याचे काम वाढले. उमा-बाबाजी सावळजकर यांचा ‘मोहना बटाव’ हा १८६५च्या सुमाराचा पहिला वग मानला जातो. वग म्हणजे तमाशाच्या उत्तर भागात सादर होणारे कथानाट्य. तोपर्यंत मुलाला गण, म्हणजे आरंभीची गणेशवंदना, संपल्यावर गौळण आणि लावणी एवढ्यापुरते स्त्री व्हायचे होते. वगामुळे त्याला रात्रभर नायिका म्हणून बोलावे, रडावे, भांडावे आणि हजरजबाबी उत्तरे द्यावी लागू लागली.

याच काळात पुण्या-मुंबईच्या आणि सांगलीच्या रंगभूमीवर तीच कला वेगळ्या प्रतिष्ठेने वाढत होती. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून स्त्रीभूमिका मुलेच करीत. नाटकमंडळ्यांत त्यांना स्त्रीपार्टी नट म्हणत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि थोड्याच वर्षांत भाऊराव कोल्हटकर यांच्या गळ्याने संगीत नाटकाला वेड लावले. १९०५ साली सतराव्या वर्षी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेने त्यांची कारकीर्द सुरू झाली. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांच्या मुलीचे निधन झाले असतानाही त्यांनी भामिनीची भूमिका केली, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि त्यांची लुगडी नेसण्याची, दागिने घालण्याची आणि केसांत फुले माळण्याची रीत पांढरपेशा घरांतल्या स्त्रियांनी उचलली. त्याच १९१३ साली दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, तेव्हा ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली.

बालगंधर्वांची थोरवी निर्विवाद आहे. तरी त्यांच्याकडे पाहताना त्याच काळात, त्याच जिल्ह्यांच्या यात्रांत, कनातीआड तेच काजळ घालणाऱ्या मुलाकडे समाज कसा पाहत होता हे विचारणे टाळता येत नाही. दोघेही पुरुष, दोघांची नथ खोटी, दोघांचे लाडिक बोलणे शिकून घेतलेले. एकाला लोकांनी गंधर्व म्हटले आणि दुसऱ्याला ‘नाच्या’ हीच शिवी झाली. हा भेद सुरांच्या तयारीने काही अंशी समजावून देता येईल. उरलेला मोठा अंश जात, तिकिटाचा दर आणि प्रेक्षागृह यांचा आहे. रंगमंदिरातल्या प्रेक्षकाला नटाच्या स्त्रीरूपाविषयी पूज्यभाव बाळगता आला, कारण त्याच्यात आणि नटात पडदा व प्रकाश यांचे अंतर होते. यात्रेतला नाच्या दौलतजादा घ्यायला प्रेक्षकांच्या रांगेपर्यंत जाई, आणि ही जवळीक, जिच्यावर फडाचे पोट चाले, तीच त्याच्या बदनामीचे कारण ठरली.

नाच्याची जागा स्त्रीने घेतली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांच्या फडात संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाई उभ्या राहिल्या आणि मुंबईच्या थिएटरांत त्यांना पाहण्यासाठी गर्दी लोटू लागली, तेव्हा इतर फडमालकांनाही स्त्री कलावती मिळवणे भाग पडले. नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्या फडाची परंपरा पुढे विठाबाईंनी उजळली आणि १९५७ साली त्यांना राष्ट्रपतिपदकाने गौरवण्यात आले. हा बदल स्वागतार्हच होता, कारण स्त्रीचे सुखदुःख सांगण्याचा अधिकार अखेर स्त्रीकडे आला. परंतु त्यात स्त्रीला जो अपमान सोसावा लागला, तो काही प्रमाणात नाच्यासाठी आधीच तयार असलेला अपमान होता, हेही नाकारता येत नाही. संगीत नाटकात हाच बदल काहीसा उशिरा आणि अधिक सन्मानाने झाला. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले तेव्हा स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. बालगंधर्व मात्र त्यानंतरही अनेक वर्षे स्त्रीभूमिका करीत राहिले.

फडातून हटलेला नाच्या चित्रपटात परतला, पण विनोदाचे पात्र होऊन. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी तमाशापटांतून हे पात्र इतक्या ताकदीने रंगवले की ते त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. त्यांच्या पलीकडचा नट पाहण्याची उत्सुकता फारशी कुणी दाखवली नाही. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीने आणि तिच्यावरच्या २०१० सालच्या चित्रपटाने हा शिक्का माणसाचे घर आणि शरीर कसे उद्ध्वस्त करतो हे प्रथमच मोठ्या वाचकवर्गासमोर व प्रेक्षकांसमोर मांडले.

तथापि पुरुषाने स्त्रीवेष घेण्याची परंपरा मराठी मुलखातून नाहीशी झालेली नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारात स्त्रीभूमिका आजही पुरुष करतात, कोकणातल्या नमनात गौळणी पुरुषच होतात, आणि विदर्भातल्या खडी गंमतीत नाच्याचे स्थान टिकून राहिले. निमोण्याच्या भोवतालच्या यात्रांमध्ये येणाऱ्या फडांत या परंपरेचा एक अवशेष गौळणीतील मावशीच्या रूपाने उरलेला आहे. मथुरेच्या बाजाराला दूध-दही घेऊन निघालेल्या गौळणींची ही वयस्क म्होरकी पुरुषच करतो, त्याचा आवाज जाडाभरडा असला तरी चालतो, आणि कृष्णाचा सवंगडी पेंद्या तिला अडवतो तेव्हा होणाऱ्या सवाल-जबाबात गावचा सरपंच, दूध संघाचा भाव, कांद्याची पडझड असे काहीही येऊ शकते. सोळाव्या वर्षी ज्याची कारकीर्द संपत असे त्या मुलाऐवजी आता पन्नाशीचा कलावंत लुगडे नेसतो. गेल्या काही वर्षांत मात्र पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत तरुण पुरुषांनी पुन्हा चाळ बांधून शृंगारिक लावणी सादर करायला सुरुवात केली आहे. त्यांत शिकलेली, नोकरी सांभाळणारी, स्वतःच्या नावाने जाहिरात करणारी मुले आहेत, आणि दाढी फुटली म्हणून त्यांना कुणी फडातून काढून टाकत नाही.