बिऱ्हाडकरूचे शेजघर

राजवाड्यांतील शयनमंदिरांची वर्णने इतिहासग्रंथांत पुष्कळ आढळतात. चाळीतील बिऱ्हाडकरूच्या शेजघराचे क्वचितच. आम्हांला मात्र मुंबईचा इतिहास या दुसऱ्या शेजघरात अधिक दिसतो.

इ. स. १९२० नंतर मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. स्वयंपाक, अभ्यास, पाहुणा, आजारपण, सारे तेवढ्यातच. शेजघर तेथे घड्याळावर ठरे. रात्री वळकट्या उलगडल्या की ते उभे राही, पहाटे गुंडाळल्या की मोडे. घरात लग्न झाले म्हणजे दोरीवर लुगडे टाकून आडोसा करावा आणि धाकट्या दिरांनी अंथरुणे घेऊन गॅलरीत जावे, ही चाळीचाळींतून रीतच होती.

आडोसा कापडाचा, याला पैशाची तंगी कारण होतीच. परंतु खाजगी मालकाच्या जागेत कायद्याचा धाकही होता. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. पण मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास जागा गमावण्याची पाळी येई. मग नवराबायकोंच्या एकांतासाठी घातलेली आडभिंत कोणत्या सदरात घालावी? १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमात, जरूर तेथे पालिकेची परवानगी घेऊन केलेली लाकडी आडभिंत कायम बांधकाम समजू नये, असे नावानिशी नमूद आहे.

जिची दखल कायदेमंडळाला घ्यावी लागली, त्या फळीमागे कितीकांचे संसार उभे राहिले, हे इतिहासानेही नोंदवावे, एवढेच आमचे मागणे आहे.