डेटा-विश्लेषण : विपणन आणि व्यावसायिक निर्णय

ग्राहक, विक्री, किंमत, साठा आणि जाहिरात यांच्या नोंदी गोळा करून, तपासून, त्यांवरून धंद्यातला पुढचा निर्णय घेण्याच्या पद्धतीला व्यवसायक्षेत्रात डेटा-विश्लेषण म्हणतात. कोणता माल किती मागवावा, सवलत कोणाला द्यावी, जाहिरातीचा पैसा कुठे लावावा, कोणता ग्राहक सोडून जाण्याच्या बेतात आहे, असे प्रश्न त्यात येतात. नोंदी ठेवणे नवे नाही. उधारी कोणाची थकते आणि सणाला कोणता माल उठतो, हे पेढीवाल्याला खतावणीवरून पूर्वीपासून कळत आले आहे. आज भर पडली ती दोन गोष्टींची : एकेका ग्राहकाचा एकेक व्यवहार आपोआप नोंदला जातो, आणि एखादा उपाय केल्याने किती फरक पडला हे प्रयोग करून मोजता येते. पहिली गोष्ट बहुतेक मोठ्या कंपन्यांना साधली आहे. दुसरी अजून थोड्यांनाच.

पूर्वपीठिका : जाहिरातीचा परिणाम मोजण्याची धडपड अमेरिकेत टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांनी आधी केली. प्रत्येक जाहिरातीतील कूपनावर वेगळी खूण छापायची आणि परत आलेली कूपने मोजायची, अशी त्यांची साधी रीत होती. क्लॉड हॉपकिन्स यांनी ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ (१९२३) या पुस्तकात तिचा जोरदार पुरस्कार केला. त्याच वर्षी आर्थर नील्सन यांनी शिकागोत आपली कंपनी काढली. निवडक दुकानांतील खप मोजून प्रत्येक ब्रँडचा बाजारातील वाटा सांगण्याची पद्धत तिच्यामुळे रूढ झाली. यासाठी लागणारी संख्याशास्त्राची हत्यारे मात्र बाजारातून आली नाहीत. लहान नमुन्यावरून निष्कर्ष काढण्याची कसोटी डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली मांडली. वाफ्यांना खत किंवा बियाणे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून देऊन त्यांची तुलना करण्याची पद्धत रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात विकसित केली. आजच्या संकेतस्थळांवरील चाचण्या तिच्याच वंशातल्या आहेत.

मोठा पालट बारकोडने घडवला. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचे एक पाकीट स्कॅन झाले, तो बारकोडचा पहिला व्यवहार मानतात. तोवर दुकानाला दिवसअखेर गल्ला कळे. पुढे प्रत्येक बिलातली प्रत्येक वस्तू कळू लागली. ती वस्तू घेणारा कोण, हे मात्र बिलावरून समजत नव्हते. ती उणीव लॉयल्टी कार्डाने भरून काढली. ब्रिटनच्या टेस्को कंपनीने १९९५ साली क्लबकार्ड सुरू केले आणि त्यातील नोंदींचे विश्लेषण एडविना डन व क्लाइव्ह हंबी या दांपत्याच्या डनहंबी या संस्थेकडे सोपवले. कार्डधारकाला परत मिळणारी रक्कम किरकोळ असते. आपल्या खरेदीचा इतिहास दुकानाच्या हाती देण्याची ती किंमत असते, एवढेच. इंटरनेटवर हेच काम विनामूल्य होऊ लागले. ब्राउझरमध्ये ओळखखूण ठेवणारी कुकी १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी तयार केली. गूगल ॲनालिटिक्स २००५ मध्ये मोफत उपलब्ध झाल्यावर लहान संकेतस्थळांनाही आपल्या अभ्यागतांचा माग काढता येऊ लागला.

प्रचलित पद्धती : पाठ्यपुस्तकांत विश्लेषणाचे चार प्रकार सांगतात : काय झाले, का झाले, पुढे काय होईल आणि काय करावे. व्यवहारात बहुतेक कचेऱ्यांचे काम पहिल्या प्रकारापाशीच, म्हणजे आकडे आणि आलेख दाखवणाऱ्या डॅशबोर्डपाशी थांबते.

ग्राहकांची वर्गवारी करण्याची सर्वांत टिकाऊ पद्धत तीन प्रश्नांवर उभी आहे : शेवटची खरेदी कधी केली, किती वेळा केली आणि किती रुपयांची केली. टपालविक्रीच्या काळापासूनचे हे कोष्टक आजही अनेक किचकट प्रतिमानांच्या तोडीस उतरते. त्याला ग्राहकाच्या आयुर्मूल्याची, म्हणजे त्याच्याकडून एकूण किती नफा होईल या हिशेबाची, जोड देतात. एक ग्राहक मिळवायला ₹४०० खर्च झाले आणि दर खरेदीमागे ₹१५० सुटत असतील, तर तिसऱ्या खरेदीला तो खर्च भरून निघतो. एकदाच येऊन जाणारे ग्राहक जाहिरातीने कितीही ओढले, तरी धंदा तोट्यातच राहतो.

एकत्र विकल्या जाणाऱ्या वस्तू शोधण्याचे, म्हणजे ‘बाजाराच्या पिशवी’चे विश्लेषण राकेश अगरवाल व सहकाऱ्यांच्या १९९३ आणि १९९४ च्या शोधनिबंधांनी सोपे केले. समजा, १,००० बिलांपैकी २०० बिलांत चहापूड आहे, ५०० बिलांत साखर आहे आणि १५० बिलांत दोन्ही आहेत. चहापूड घेणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांनी साखर घेतली. एकूण ग्राहकांत हे प्रमाण ५० टक्के आहे. म्हणजे दोन्ही वस्तूंची गाठ दीडपट घट्ट आहे. दूध मात्र ८० टक्के बिलांत असेल, तर चहापूड घेणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांनी दूध घेतले हा निष्कर्ष कितीही भारदस्त वाटला तरी पोकळ असतो. अशा विश्लेषणाचे उदाहरण म्हणून बाळाचे डायपर आणि बिअर यांची गोष्ट जगभर सांगतात. ऑस्को या अमेरिकी औषधदुकानांच्या साखळीच्या नोंदींत १९९२ च्या सुमारास तसा संबंध दिसला होता, पण त्यावरून दुकानातली मांडणी कोणी बदलली नाही. ही बाजू गोष्टीत सहसा येत नाही, आणि खरा बोध तिच्यातच आहे.

याउलट वॉलमार्टने २००४ साली नोंदींचा थेट उपयोग केला. फ्रान्सिस चक्रीवादळ फ्लोरिडावर येत असताना, काही आठवड्यांपूर्वीच्या चार्ली वादळातील खपाच्या नोंदी तपासल्या गेल्या. वादळाआधी स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट्स या तयार खाद्यपदार्थाचा खप सातपट वाढतो आणि सर्वाधिक खपते ती बिअर, असे दिसले. त्यानुसार वादळाच्या वाटेवरील दुकानांकडे माल रवाना झाला. शोध लहान होता, पण निर्णय ठरलेला होता, मुदत ठरलेली होती आणि ट्रक तयार होते.

‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतले’ अशा शिफारशींची ॲमेझॉनची पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती ग्राहकांची आपसांत तुलना करण्याऐवजी वस्तूंची तुलना करते. त्यामुळे ग्राहक कितीही वाढले तरी गणित आवाक्यात राहते. शिफारशी दहा टक्के अधिक अचूक करून देणाऱ्याला नेटफ्लिक्सने २००६ साली दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते २००९ मध्ये दिलेही. पण विजेत्या संघाचे पूर्ण प्रतिमान कंपनीने वापरात आणले नाही. अचूकतेतली उरलीसुरली भर ते राबवण्याच्या खटाटोपाला पुरेशी नव्हती.

प्रयोग आणि कार्यकारण : कोण खरेदी करील हे सांगणे एक आणि जाहिरातीमुळे कोण खरेदी करील हे सांगणे दुसरे. विपणनातील बरीच उधळपट्टी या दोहोंच्या गल्लतीतून होते. ठरावीक गिऱ्हाइकाला सवलतीचा संदेश पाठवला आणि त्याने खरेदी केली, तर अहवालात मोहीम यशस्वी ठरते. प्रत्यक्षात तो पुऱ्या किमतीला येणारच होता आणि नफा तेवढा कमी झाला. मोबाइल कंपन्यांना याहून वाईट अनुभव येतो : सोडून जाण्याची शक्यता दिसणाऱ्या ग्राहकाला फोन केला, की योजना बदलता येते ही आठवण त्याला त्या फोननेच होते.

या गल्लतीचा सर्वांत बोलका पुरावा ईबे कंपनीत सापडला. सर्च इंजिनवर कंपनीचे नाव शोधणाऱ्याला कंपनीचीच सशुल्क जाहिरात दाखवली जाई, आणि तिच्यावरील क्लिकांपाठोपाठ होणारी विक्री पाहता ती फार फायद्याची वाटे. २०१२ मध्ये ती काही ठिकाणी बंद करून पाहिली, तेव्हा जवळजवळ सगळे ग्राहक खालच्या विनाशुल्क दुव्यावरून आले. इतर शब्दांवरील जाहिराती अमेरिकेच्या काही भागांत थांबवून पाहिल्यावरही एकूण विक्रीत नगण्य फरक पडला; परिणाम झाला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर. टॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ साली ‘इकॉनोमेट्रिका’त प्रसिद्ध झाला. शेवटच्या क्लिकला सगळे श्रेय देणारे अहवाल वाचताना तो आठवावा असा आहे.

ग्राहकांचे यादृच्छिक दोन गट पाडून एकाला जुने आणि दुसऱ्याला नवे रूप दाखवण्याला ए/बी चाचणी म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्च इंजिनवर जाहिरातीचा मथळा आणि खालची ओळ जोडून दाखवण्याची सूचना महिनोन्‌महिने पडून होती. २०१२ मध्ये एका अभियंत्याने ती चाचणीला लावली आणि उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढले. एकट्या अमेरिकेत ही भर वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक होती. अशी सूचना हजारांत एखादीच निघते. शिवाय चाचणीला गर्दी लागते : खरेदीचे प्रमाण २ टक्क्यांवरून २.२ टक्क्यांवर गेले का, हे भरवशाने ओळखायला रूढ निकषांनुसार प्रत्येक गटात सुमारे ७८ हजार लोक हवेत. दिवसाला दोनशे अभ्यागत असलेल्या दुकानाने आठवडाभराच्या चाचणीवरून बटणाचा रंग ठरवणे म्हणजे नाणेफेकच. असा लहान व्यावसायिक थेट चार ग्राहकांशी बोलला तर त्याला अधिक कळेल.

मोजमापातील खाचखळगे : आकड्याची व्याख्या चुकली की पुढचे सगळे चुकते. फेसबुकने २०१६ मध्ये मान्य केले, की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ फुगवून दाखवला गेला होता. तीन सेकंदांहून कमी पाहणाऱ्यांना भागाकारातून वगळल्याने सरासरी वर गेली होती. कोका-कोलाने १९८५ साली नवी चव आणण्याआधी सुमारे दोन लाख लोकांकडून चाखून घेतले आणि कौल नव्या चवीच्या बाजूने पडला. जुने पेय बाजारातून उठवले तर काय वाटेल, हा प्रश्न मात्र नीट तपासला गेला नाही. एप्रिलमध्ये गेलेले जुने पेय जुलैत परत आणावे लागले. अमेरिकेतील झिलो कंपनीने घरांच्या किमतींच्या अंदाजावर विसंबून घरे विकत घेण्याचा धंदा थाटला आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तो गुंडाळला. सुमारे चौथाई कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. अशा धंद्यात अंदाजाची सरासरी बरोबर असून भागत नाही, कारण ज्यांच्या घराची किंमत जास्त लावली जाते तेच विकायला पुढे येतात.

भारतातील स्थिती : भारतात व्यापाराचा मोठा भाग किराणा दुकानांतून चालतो आणि तिथल्या बहुतेक विक्रीची वस्तूनिहाय नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे साबण-बिस्किटांच्या कंपन्यांना प्रायमरी आणि सेकंडरी सेल असा भेद करावा लागतो : कंपनीकडून वितरकाला गेलेला माल प्रायमरी, वितरकाकडून दुकानाला गेलेला सेकंडरी. महिनाअखेरीस टार्गेट गाठण्यासाठी वितरकाच्या गोदामात माल ढकलला, की प्रायमरीचा आकडा झकास दिसतो आणि खप आहे तिथेच असतो. सेल्समनच्या हातात मोबाइल ॲप देऊन बीटवरच्या, म्हणजे त्याच्या ठरलेल्या फेरीतल्या, प्रत्येक दुकानाची ऑर्डर नोंदवणे, हा त्यावरचा उपाय. तोही पुरता निर्दोष नाही. ग्राहकाने काय उचलले हे तरीही दुकानाच्या आतच राहते.

मुंबईच्या एशियन पेंट्स कंपनीने १९७० च्या दशकातच संगणकाचा वापर सुरू केला होता. रंगाच्या असंख्य छटा आणि त्यांच्या डब्यांची अनेक मापे यांमुळे दुकानदाराला सगळा माल भरून ठेवणे परवडत नाही. मोठ्या घाऊक व्यापाऱ्यांना बाजूला ठेवून थेट दुकानदारांना थोडा थोडा माल वारंवार पोहोचवायचा, तर कुठे कोणती छटा केव्हा लागेल याचा अंदाज हाच धंद्याचा कणा ठरतो. टीव्हीच्या प्रेक्षकसंख्येचे मोजमाप २०१५ पासून मुंबईस्थित बार्क ही संस्था करते. रेटिंगमध्ये गडबड झाल्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले गेले आणि मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. नमुन्यातील मोजकी घरे जाहिरातीचा प्रचंड पैसा कुणीकडे वळवायचा हे ठरवतात, तेव्हा त्या घरांपर्यंत पोहोचण्याचा मोह होणारच. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने लहान दुकानाच्याही उलाढालीचा माग तयार केला आहे. बँका आणि वित्तसंस्था त्यावरून कर्जाचा निर्णय घेऊ लागल्या आहेत. गहाण ठेवायला काही नसलेल्या दुकानदाराच्या दृष्टीने जाहिरातींपेक्षा हा उपयोग महत्त्वाचा.

खासगीपणा आणि कायदा : अमेरिकेतील टार्गेट ही दुकानसाखळी खरेदीच्या सवयींवरून गरोदर ग्राहक ओळखत असल्याचे २०१२ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने उघड केले. नावे काढून टाकल्याने ओळख लपते, हा समजही टिकला नाही : नेटफ्लिक्सने स्पर्धेसाठी दिलेल्या निनावी नोंदींतील व्यक्ती अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दुसऱ्या संकेतस्थळावरील चित्रपट-अभिप्रायांशी ताडून ओळखून दाखवल्या. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यानुसार संमती सांगितलेल्या हेतूपुरतीच असते आणि हेतू संपल्यावर माहिती पुसावी लागते. सुरक्षेत हयगय झाल्यास ₹२५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर या कायद्यात बंदी आहे. सरकारला त्यातून काही सूट देता येते.