रविकिरण मंडळ आणि साहित्यिक बैठकीची परंपरा

जयपूरनिवासी मराठी माणसास जंतरमंतर ही केवळ प्रेक्षणीय वास्तू नव्हे. १७२७ साली हे नगर वसविणाऱ्या सवाई जयसिंगांच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. युक्लिडची भूमिती व टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणले. ग्रंथातील गणित प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहावे, हा त्या दरबाराचा बाणा होता. साहित्यासही अशी वेधशाळा लागते. ती म्हणजे नेमाने ऐकणाऱ्या मोजक्या जाणकारांची बैठक.

मराठीतील अशा बैठकीचा ठळक नमुना म्हणजे १९२३ साली पुण्यात स्थापन झालेले रविकिरण मंडळ. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे प्रभृती मंडळी त्यात होती. रविवारी चहाला जमावे, कविता वाचाव्यात, त्यांवर चर्चा करावी, एवढाच प्रारंभीचा व्याप. संख्या लहान, वार ठरलेला आणि कविता छापखान्यात जाण्यापूर्वी कानांवर पडणारी, हेच त्याचे बळ. छापील पानावर लपणारा वृत्तदोष मोठ्याने वाचताना लपत नाही. याच मंडळींनी पुढे काव्यगायन लोकप्रिय केले. आणि ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी माधव ज्यूलियन यांना १९३८ साली मुंबई विद्यापीठाची डी. लिट्. मिळाली.

मात्र आपल्याच माणसांत वावरताना आपली लकब आपणांस जाणवेनाशी होते. १९२५ साली आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मधील विडंबनांत समकालीन कवींच्या अशा लकबी नेमक्या टिपल्या. बैठक परस्परस्तुतीची होऊ नये, हा त्यातील बोध.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपणांस तर ही बैठक अधिकच निकडीची आहे. येथे हौशी लेखकास वार्षिक कार्यक्रमात टाळ्या मिळतात. परंतु ‘मी जेवलो’ऐवजी ‘मी जेवण खाल्ले’ असे लिहिले गेले, तर हिंदीची ती छाया दाखवून देणारा कोणी नसतो. अशाने भाषा एकाएकी मरत नाही. वाक्यावाक्याने परकी होत जाते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या उंबरठ्यावर पाच-सहा लिहित्या सभासदांनी महिन्यातील एक रविवार राखून ठेवावा. लेखकाने वाचावे व आधी मुकाट्याने ऐकून घ्यावे. इतरांनी प्रथम काय पोहोचले ते सांगावे, मग काय अडले ते. एखाद्या परक्या कानालाही अगत्याने बोलवावे. त्यासाठी सभागृह नको, निधी नको. चहा आणि सचोटी पुरेशी आहे.