नांदायला येण्याची नोटीस आणि आपला इतिहास

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एकीला वकिलाची नोटीस आली. सासरचा मार सोसवेना म्हणून ती माहेरी आली होती. नोटिशीत लिहिलं होतं, नांदायला या, नाहीतर कोर्टात दावा लावू. बैठकीत नोटीस वाचली तेव्हा एक आजी म्हणाल्या, "हे बापजाद्यांपासून चालत आलंय. बाईला नांदावंच लागतं." कॉलेजात शिकणारी एक पोरगी म्हणाली, "नाही आजी, जुन्या काळी बाईला काहीच नव्हतं. इंग्रज आले म्हणून कायदा आला." दोघी इतिहासाचंच नाव घेत होत्या. मग आम्ही ठरवलं, हा इतिहास लिहिला कोणी ते आधी बघू.

पहिलं नाव आलं जेम्स मिलचं. १८१७ साली त्यानं लंडनमध्ये हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याचा मोठा इतिहास छापला. हा माणूस हिंदुस्थानात कधी आला नाही. इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. उलट, देश डोळ्यांनी बघण्यापेक्षा घरी बसून कागद वाचले तर जास्त कळतं, असं त्यानं प्रस्तावनेतच सांगून टाकलं. समाज किती पुढारलेला हे तिथल्या बायकांवरून ओळखावं, हा त्याचा दंडक. हिंदू बायकांची स्थिती अगदी हीन, म्हणून हा समाज मागासलेला, आणि म्हणून त्यावर इंग्रजांचं राज्य बरं, असा तो हिशेब.

दोन वर्षांनी मिलला ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी लागली. कंपनीचे तरुण साहेब इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात तयार होत, तिथे त्याचं पुस्तक शिकवलं जाई. म्हणजे साहेब बोटीत पाय ठेवण्याआधीच आपल्याबद्दलचं मत बांधून यायचा.

आणि मिलनं आधार कशाचा घेतला? मनुस्मृतीसारख्या ग्रंथांचा, तेही भाषांतरातल्या. मनुस्मृती विल्यम जोन्सनं १७९४ साली इंग्रजीत आणली होती. पण गावोगावची बाई काय त्या पोथीप्रमाणे जगत होती? तुमच्या आजीला, पणजीला विचारा. शेती करणाऱ्या, कारागिरी करणाऱ्या कितीतरी जातींत विधवेचा पाट लागायचा. कुठे त्याला मोहतूर म्हणत. जमलं नाही तर काडीमोड व्हायची. हे सगळं बाईच्या सुखाचंच होतं असं आम्ही म्हणत नाही. जातपंचायतीत बसायचे पुरुषच, आणि दंड भरायला लागायचा तो वेगळाच. पण बाईला दुसरा संसार मांडता यायचा, एवढं तरी खरं. मिलच्या इतिहासात ही बाई कुठेच नाही.

जे पुस्तकात नाही ते पुढे कायद्यातही अडचणीचं झालं. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा आला. चांगलाच कायदा. पण त्यात एक कलम होतं: दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा विधवेचा हक्क संपला. ज्या जातींत पाट आधीपासूनच चालत होता, तिथल्या बायकांना हा कायदा हवाच होता असं नाही. तरी कलम मात्र मानगुटीवर बसलं.

आता दुसरी बाजू. इंग्रजांनी हिणवलं तेव्हा आपल्या विद्वानांनी उत्तर दिलं. १९३८ साली बनारस हिंदू विद्यापीठातले प्राध्यापक अनंत सदाशिव अळतेकर यांचं हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं पुस्तक आलं. वेदकाळात स्त्रीला मान होता, शिक्षण होतं, पुढे उतार लागला, असं त्यांनी मांडलं. कष्टाचं काम होतं, आणि हिणवणाऱ्याला उत्तर द्यायलाही हवं होतं. पण आधार पुन्हा मुख्यतः पोथ्यांचाच. शेण काढणारी, दळणारी, दुसऱ्याच्या घरी राबणारी बाई याही इतिहासात आली नाही. १९८९ साली इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी नेमकं हेच विचारलं की, त्या काळातल्या दासीचं काय?

एकानं म्हटलं, तुमची बाई दीन. दुसऱ्यानं म्हटलं, आमची बाई देवी. भांडण दोघांचं, आणि बाई म्हणजे त्या भांडणातला पुरावा. तिला कोणी विचारलंच नाही.

पण एका बाईनं न विचारताच सांगितलं. रखमाबाई. जन्म १८६४, मुंबईचं सुतार समाजातलं घर. आई जयंतीबाई लहान वयात विधवा झाल्या आणि त्यांचं दुसरं लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झालं. रखमाबाईचं लग्न ११ व्या वर्षी लागलं, पण ती माहेरीच राहिली आणि मोठेपणी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्यानं, दादाजी भिकाजीनं, दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. त्यांनी सांगितलं, असा दावा मुळात विलायतेतला आहे, तिथून तो इकडे आणून लावला गेला.

मैत्रिणींनो, इथेच आम्ही थबकलो. बाईला कोर्टाच्या हुकमानं नांदायला पाठवायचं, ही रीत विलायतेतल्या चर्चच्या कोर्टांतून आलेली!

पुढे अपील झालं, निकाल फिरला. १८८७ च्या मार्चमध्ये दुसऱ्या इंग्रज न्यायाधीशांनी हुकूम केला, महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. विलायतेत या कारणासाठीचा तुरुंग १८८४ सालीच बंद झाला होता. तिकडे बंद झालेली शिक्षा इकडे मुंबईत आमच्या रखमाबाईला! आणि आपल्याकडचे पुढारी, लोकमान्य टिळकांसह, धर्म बुडेल म्हणून तिच्या विरोधात लिहीत होते. ज्या दाव्यासाठी धर्माचं नाव घेतलं, तो दावाच परका होता.

रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाईन, नांदायला जाणार नाही. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती लंडनला गेली, डॉक्टर झाली, परत येऊन सुरत आणि राजकोटला बायकांवर उपचार करत राहिली. वर्तमानपत्रात 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावानं तिनं बालविवाहाविरुद्ध लिहिलं, तेही खटल्याच्याच काळात. बाईची स्थिती काय, हे बाईनंच सांगितलेलं असं असतं.

इंग्लंडनं हा दावा १९७० च्या कायद्यानं काढून टाकला. आपल्याकडे तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून अजून आहे.

आजींना आणि त्या पोरीला आम्ही हे सगळं सांगितलं. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या आत्याची काडीमोड झाली होती. मीच विसरले होते."

नोटीस आलेल्या प्रत्येकीसाठी दोन गोष्टी. आज या दाव्यात तुरुंग नाही आणि पोलीस ओढून नेत नाहीत. पण समन्स आलं तर हजर राहा, मारहाणीसारखं कारण कोर्टाला सांगा. हुकूम होऊन तो मोडला तर मिळकतीवर जप्ती येऊ शकते. तालुका विधी सेवा समितीकडे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणि सगळ्यांसाठी एक काम. कोणी म्हणालं, "आपल्यात असंच असतं," किंवा मोबाईलवर जुन्या काळच्या बायकांची थोरवी आली, तर तीन प्रश्न विचारा. हे कोणी लिहिलं? त्यानं कोणाला विचारून लिहिलं? यात त्याचा फायदा काय? मग गटाच्या वहीची मागची पानं काढा आणि गावातल्या म्हाताऱ्यांचा पाट, काडीमोड, माहेरची वाट, जमिनीचा वाटा, सगळं नाव-सालासह लिहून ठेवा. चांगलं तेही आणि वाईट तेही. त्यांच्या परवानगीनं, बरं का.